प्शिगोडा, तीन वेळा

निल्स प्शिगोडाला आयुष्यात काही मागता म्हणून आलं नाही. मैदानावरसुद्धा नाही. बाकीचे मिडफिल्डर हात वर करकरून, शिट्ट्या मारून चेंडू मागतात. हा आपला बचावफळीच्या पुढ्यात उभा राहायचा, कुणी चेंडू दिलाच तर दोन पावलं पळायचा आणि जवळच्या माणसाच्या पायाशी नीट पोचता करायचा. सहा नंबरचा शर्ट घालणाऱ्याचं कामच ते. लोकांना गोल लक्षात राहतो, फार तर गोलाआधीचा पास लक्षात राहतो. त्याच्याही आधीचे तीन पास कुणी दिले, हे विचारायला कोण बसलंय? ते तीन पास निल्सचे असायचे. सतरा-अठरा वर्षं त्यानं हेच केलं, पाच क्लबांत केलं, आणि पस्तिसाव्या वर्षी एक धड आणि एक निकामी गुडघा घेऊन जिथून निघाला होता तिथंच, वेंडरात नावाच्या आपल्या गावी, परत आला.

वेंडरातची खाण बंद होऊन जमाना झाला. खाणीचा लोखंडी मनोरा तेवढा उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी क्लबाचं मैदान. चौथ्या लीगमधला क्लब, सामन्याला चार हजार माणसं, त्यातली निम्मी एका टोकाच्या उभ्या, बिनखुर्च्यांच्या स्टँडमध्ये. सामन्याआधी उली माइकवर येतो. एरवी तो खाटीक आहे, पण शनिवारी दुपारी स्वतःला ऑपेराचा गवई समजतो. तो खेळाडूचं फक्त पहिलं नाव पुकारतो, आणि आडनाव स्टँडनं ओरडायचं. हे सगळ्याच गावांत चालतं. वेंडरातची रीत त्याच्या पुढे एक पाऊल आहे. ज्याचा शेवटचा सामना असेल त्याला खेळ संपायच्या आत बाहेर बोलावतात, आणि तो रेषेपर्यंत चालत येईतो त्याचं नाव तीन वेळा घेतात. तीन वेळा उली, तीन वेळा लोक. फुलं-बिलं, फ्रेम केलेला फोटो, अध्यक्षांचं हस्तांदोलन हे सगळं नंतर. त्याला इथं कुणी किंमत देत नाही.

निल्सलाही त्या फुलांचं काही नव्हतं. त्याला ते तीन वेळा घेतलेलं नाव हवं होतं, आणि तेही स्वतःसाठी म्हणावं तर तसं नाही. ते त्याला त्याच्या बापाला ऐकवायचं होतं.

हा बाप म्हणजे आल्फोन्स प्शिगोडा. त्याचा आजा पोलंडाकडून कोळसा खणायला आला, तेव्हा खाणीच्या कचेरीतल्या कारकुनानं त्याला नाव बदलून घ्यायचा सल्ला दिला होता. अर्ध्या आळीनं ते ऐकलं. शेजारचे कोवाल्स्की एका सकाळी श्मिट होऊन उठले. आजा म्हणाला, नाव राहू दे, पगार लिहिता आला म्हणजे झालं. त्या हट्टाचे भोग आल्फोन्सच्या वाट्याला आले. शाळेत मास्तर हजेरी घेताना त्याच्या नावाशी आले की 'प्शि' करून मुद्दाम शिंकायचे. वर्ग हसायचा. रोज. पुढे खाणीत मुकादम त्याला हाकच मारायचा नाही, नुसती शिट्टी घालायचा. आणि मग निल्स अठरा वर्षांचा असताना, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, उलीनं माइकवरून "निल्स" म्हटलं आणि चार हजार माणसं एका दमात, कुठंही न अडखळता ओरडली, "प्शि-गो-डा!" आल्फोन्स नेहमीच्या जागी कठड्याला टेकून उभा होता. घरी आल्यावर बूट काढता काढता बायकोला एवढंच म्हणाला, "आज एकसुद्धा माणूस शिंकला नाही."

आई आता नाही. पण तिनं हे निल्सला सांगितलं होतं, आणि त्याच्या डोक्यातून ते कधी गेलं नाही.

एकविसाव्या वर्षी त्याला दक्षिणेतल्या एका बड्या क्लबानं नेलं. गावच्या पेपरानं फोटो छापला. तीन हंगामांत तो तिथं अकरा सामने खेळला, तेही सगळे शेवटच्या पाच-सात मिनिटांपुरते. सगळी मिनिटं गोळा केली तरी एक पुरता सामना होत नाही. तिथला माइकवाला नाव घेईतो लोक गाड्यांकडे निघालेले असायचे. आल्फोन्स दोनदा रात्रभर बसमध्ये बसून तिकडे गेला, दोन्ही वेळा निल्स बाकावरून उठला नाही. दुसऱ्या वेळी परतताना म्हातारा म्हणाला, "बाक चांगला आहे तुमचा. गादी आहे वर." मग उत्तरेच्या एका क्लबाकडे एक वर्ष उसनवारीवर. तिथं दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि बाकीचं वर्ष जिन्याच्या पायऱ्या कशा चढायच्या हे शिकण्यात गेलं.

पुढं पूर्वेकडचा एक क्लब, दुसरी लीग. तिथं तो खरा खेळला. आणि नशिबाची चेष्टा बघा, त्याचा सगळ्यात चांगला हंगाम आला तो साथीच्या वर्षी, कुलूपबंद स्टेडियममध्ये. आयुष्यात कधी वर्षाला एकाच्या पुढं गोल न करणाऱ्या माणसानं सहा गोल केले. तिथला माइकवाला पगारी होता, त्यामुळं तो इमानेइतबारे पुकारायचा, "निल्स!", आणि थांबायचा. समोर तीस हजार निळ्या खुर्च्या. सिमेंटवर आपटून त्याचाच आवाज परत यायचा. निल्स मान खाली घालून आपल्या जागेवर परत पळायचा. आल्फोन्स घरी टीव्हीसमोर असायचा, पण तोवर त्याच्या डोळ्यांत बिघाड सुरू झाला होता. मधलं काही दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं. तो टीव्हीकडे कान करून तिरपा बसायचा आणि आंकेला, म्हणजे निल्सच्या बहिणीला, दर दोन मिनिटांनी विचारायचा, "चेंडू कुणाकडं?" ती मोबाइलमधून डोकं न काढता सांगायची, "निल्सकडं." म्हातारा खूश.

त्या क्लबानंतर तिसऱ्या लीगमधला आणखी एक झाला, तो दुसऱ्याच हिवाळ्यात बंद पडला. आणि मागच्या उन्हाळ्यात निल्स घरी आला.

घरी आणलं क्लबाचे अध्यक्ष रेटमायर यांनी. या गृहस्थांचं स्वयंपाकघराच्या कपाटांचं मोठं दुकान आहे आणि बोलणंही कपाटासारखंच, बाहेरून गुळगुळीत. त्यांनी निल्सला बागेत बोलावलं, स्वतःच्या हातानं सॉसेज भाजून वाढलं, आणि हात पुढं करून म्हणाले, "एक वर्ष खेळ तू. मग मुलांचा संघ तुझा. माझा शब्द." निल्सनं हात दिला. कागद मागितला नाही. वेंडरातचा माणूस मागणारच नाही. इथं खाली खाणीत लोकांनी एकमेकांच्या हाताच्या भरवशावर आख्खी आयुष्यं काढली, हात दिला म्हणजे दिला. रेटमायर खाणीत कधी उतरलेले नव्हते, हे निल्सच्या ध्यानात यायला हवं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात सरावात गुडघा गेला. ऑपरेशन, कुबड्या, मग पोहणं, मग सायकल. हंगामभर घरच्या मैदानावर त्याचा पाय पडला नाही. मार्च महिन्यात रेटमायरनी ऑफिसात बोलावलं आणि 'तू' सोडून "श्रीयुत प्शिगोडा, तुम्ही" अशी सुरुवात केली, तेव्हाच तो काय ते समजला. मुलांचा संघ दुसऱ्या कुणाला दिला होता. "तुम्हाला समजेल अशी आशा आहे," रेटमायर म्हणाले. निल्स म्हणाला, "समजलं." आणि दार हळूच लावून घेऊन बाहेर आला. असा माणूस. मला विचाराल तर त्यानं ते दार दणकन आपटायला हवं होतं.

कोचनं मात्र माणुसकी दाखवली. "शेवटचा घरचा सामना तू सुरू करशील," तो म्हणाला. "सहा नंबर. गुडघा म्हणेल तोवर. मग बाहेर बोलावतो, रीतसर." निल्स त्या दिवशी गाडीत बराच वेळ नुसता बसून होता. त्याला रेटमायर आठवत नव्हता, मुलांचा संघ आठवत नव्हता. त्याला एवढंच कळत होतं की बाबाला आता दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. सुरुवातीला एकदा आणि शेवटी तीनदा. चार वेळा.

सामन्याच्या आधीच्या गुरुवारी सराव संपवून तो निघाला, तर त्याच्या गाडीला टेकून मालते उभा. मालते म्हणजे उभ्या स्टँडचा पुढारी. शनिवारी कुंपणावर चढून, मैदानाकडं पाठ करून, हातात भोंगा घेऊन सगळा स्टँड हलवतो तो. आठवडाभर वृद्धाश्रमात नर्सचं काम करतो. डोळे लाल होते, बोटांना रंग लागलेला.

"दोन रात्री झोपलो नाही," मालते म्हणाला. "सांगायचं नव्हतं, पण राहवेना. शनिवारी आम्ही तुझ्यासाठी गप्प बसणार आहोत."

"म्हणजे?"

"म्हणजे गप्प! नव्वद मिनिटं. ना गाणं, ना ढोल, ना टाळी. रेटमायरनं तुला दिलेला शब्द मोडला ना? तर मग ऐक म्हणावं, तुझा क्लब आमच्याविना कसा वाजतो ते. वीस मीटरचं कापड रंगवलंय. 'निल्ससाठी: एक आवाज नाही.' बसलेला स्टँडसुद्धा तयार आहे. पेन्शनर मंडळीसुद्धा! बाराशे जणांशी मी स्वतः बोललोय, घसा बसला माझा."

निल्स गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला.

"सबंध सामना?" तो म्हणाला. "म्हणजे... नावं घेतात तेव्हा तरी..."

"अरे, नावांच्या वेळीच तर!" मालतेनं त्याचा दंड धरला. "तिथंच तर त्याला झोंबणार. उली म्हणेल 'निल्स', आणि समोरून काही नाही. तुला बाहेर काढताना तीनदा म्हणेल, आणि तीनदा काही नाही. विचार कर! त्या माणसाला सन्मान-कक्षात घास गिळवणार नाही. पेपरवाले येणार आहेत. या गावात असं कधी झालेलं नाही, निल्स. कुणासाठीच नाही."

आता बोलायची वेळ होती. एकच वाक्य लागलं असतं: माझ्या बापाला दिसत नाही, त्याला नाव ऐकायचंय. मालते चांगला मुलगा, त्यानं तिथल्या तिथं सगळं फिरवलं असतं. पण दोन रात्री जागून रंगवलेलं वीस मीटरचं कापड, बाराशे माणसांचा शब्द, आणि आपण म्हणायचं की माझ्या घरचं एक काम आहे, तेवढं सोडून करा? प्शिगोडांच्या घरात असं कुणी केलेलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या संपात आल्फोन्सचा सख्खा भाऊ पोराच्या आजारपणाचं कारण सांगून एक दिवस कामावर गेला होता. आल्फोन्सनं पोराला दवाखान्यात फळं नेऊन दिली, पण भावाशी पुढं सात वर्षं बोलला नाही.

"छान," निल्स म्हणाला. "आभार, मालते. खरंच."

मालतेनं त्याला मिठी मारली. रंगाची दोन बोटं निल्सच्या जॅकेटवर उमटली.

शुक्रवारी संध्याकाळी तो बापाकडं गेला. म्हातारा स्वयंपाकघरात मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होता. ओट्यावर क्लबाचा मफलर इस्त्री करून ठेवलेला. इस्त्री आंकेनं केली होती, कारण मागच्या वेळी त्यानं स्वतः केली तेव्हा टेबलाला डाग पडला होता.

"हे काय चाललंय, बाबा?"

"घसा साफ करतोय. उद्या काम आहे त्याला." आल्फोन्सनं बेसिनमध्ये थुंकलं. "गुडघा काय म्हणतोय?"

"सुजलाय थोडा."

"त्याला सांग, उद्याचा दिवस दम धर म्हणावं, मग जन्मभर सूज. बस. बटाट्याचं सॅलड आहे, आंकेनं केलंय, त्यामुळं मीठ नाहीये."

निल्स बसला, जेवला. म्हातारा समोर बसून तिरपी मान करून त्याच्याकडं, म्हणजे त्याच्या कानाच्या बाजूला, बघत राहिला. तसं बघितलं की त्याला चेहरा थोडा दिसतो.

"चार हजार येतील ना?"

"येतील."

"मी मधोमध उभा राहणार. बाजूला आवाज नीट येत नाही. आंकेला सांगितलंय, मला मधे नेऊन उभं कर आणि मग जा कुठं जायचं तिथं. ते श्टोर्क मास्तर जिवंत असायला हवे होते."

"कोण श्टोर्क?"

"शिंकणारे."

निल्सनं काटा खाली ठेवला. सांगून टाकावं, असं त्याच्या जिभेवर आलं. बाबा, उद्या कुणी ओरडणार नाहीये. सांगितलं असतं तर म्हातारा उद्या निदान आशेनं उभा राहिला नसता. पण त्याच वेळी निल्सला दुसरंच काहीतरी सुचलं. बाबाला माहीत नसलं, तर बाबा ओरडेल. कापडावर काय लिहिलंय ते त्याला वाचता यायचं नाही. सगळे गप्प असतील आणि एकटा बाबा ओरडेल. चार हजारांचा नाही तर एकाचा आवाज. पण तो असेल, मैदानभर ऐकू जाईल, आणि आपण तो ऐकू.

पहिल्यांदाच तो स्वतःसाठी काहीतरी लपवत होता. त्यानं सॅलड संपवलं.

"मीठ आहे की," तो म्हणाला.

"तुझी जीभ गेलीय," आल्फोन्स म्हणाला.

शनिवारी दुपारी दोनला ढग होते. संघ मैदानात उघडणाऱ्या बोगद्यातून बाहेर आला आणि नव्या पोरांचे चेहरे उतरले. स्टँड भरलेला, माणसाला माणूस लागलेला, आणि आवाज म्हणून नाही. झेंड्यांच्या काठ्या आडव्या ठेवलेल्या. कुंपणावर मालते भोंगा पायाशी ठेवून, हाताची घडी घालून. खाली ते कापड. चार हजार माणसं एकाच वेळी गप्प राहिली की मैदानाला कोंदट वास येतो, तळघराचा. मनोऱ्याच्या चाकाची गंजलेली साखळी वाऱ्यानं करकरत होती, ती निल्सला जन्मात पहिल्यांदा ऐकू आली.

उलीनं गोलकीपरचं नाव घेतलं. काही नाही. बचावफळीतल्या चौघांची घेतली. काही नाही. त्याचा आवाज प्रत्येक नावागणिक बसत चालला. सन्मान-कक्षाच्या काचेमागं रेटमायर टाय सैल करत होते, हे खरं. मालतेचं गणित चुकलं नव्हतं.

"नंबर सहा," उली म्हणाला. "आपला... निल्स!"

निल्स स्टँडच्या मधोमध बघत होता. तिथं एक करडी टोपी होती.

"प्शिगोडा!"

तो आवाज चिरका, कफातून आलेला, एकट्यानं वर चढून मधेच फाटलेला होता. पण पुरता होता, तिन्ही अक्षरांचा. म्हातारा दुसऱ्यांदा ओरडणार एवढ्यात स्टँडमधून चहूकडून "श्श्श! श्श्श!" सुरू झालं, आणि एक तरणा आवाज त्या शांततेत मैदानाच्या पार त्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू आला.

"गप की म्हाताऱ्या! आज ओरडायचं नाहीये, वाचता येत नाही का?"

कुणीतरी हसलं. करडी टोपी डावीकडं वळली, उजवीकडं वळली, आणि दोन डोक्यांच्या मधे दिसेनाशी झाली. निल्सनं कुंपणाकडं एक पाऊल टाकलं. कुठं जाणार होता तो? जाऊन काय सांगणार होता? रेफरीनं शिट्टी मारली.

तो बरा खेळला. चेंडू घेतला, दिला, घेतला, दिला. त्या शांततेत लाथेचा आवाज ऐकू येत होता, खेळाडूंचा श्वास ऐकू येत होता, गुडघ्यातली कुरकुर तर त्याला आतून ऐकू येत होती. विसाव्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला आणि त्यांच्या साठ-सत्तर माणसांनी आरोळी ठोकली, तेवढीच. मध्यंतरानंतर वेंडरातनं बरोबरी केली. त्या गोलाआधीच्या पासाच्या आधीचा पास निल्सचा होता. गोल करणारा पोरगा सवयीनं स्टँडकडं धावला, दोन्ही हात पसरून, आणि कुंपणापाशी पोचल्यावर त्याला कळेना की आता हातांचं काय करायचं.

सगळा वेळ निल्सच्या मनात एकच होतं. टोपी पुन्हा वर आली होती. म्हणजे बाबा तिथंच आहे, गेलेला नाही. आणि बाबाला एखाद्या पोरानं गप्प केलं म्हणून तो गप्प बसणारा नव्हे, तो आल्फोन्स आहे. शेवटी तीनदा नाव घेतील, तेव्हा तो ओरडणारच. कुणाच्या बापाला जुमानणार नाही. एकट्याचा का होईना, तीन वेळा.

एकाहत्तराव्या मिनिटाला कोचनं पाटी वर करायला लावली. लाल सहा, म्हणजे सहा नंबर बाहेर.

निल्स मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होता. तो मुद्दाम सावकाश निघाला. पाहुण्यांच्या कप्तानानं त्याच्याशी हात मिळवला, दोन टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या फारच मोठ्यानं वाजल्या म्हणून ओशाळून थांबला.

"निल्स!" उली म्हणाला, आणि थांबला.

साखळी करकरली.

निल्स चालायचा थांबला. कदाचित बाबाला ऐकू आलं नसेल. त्यानं करड्या टोपीकडं बघितलं. टोपी अगदी ताठ, सरळ त्याच्याकडंच वळलेली होती.

"निल्स!" उलीचा आवाज चक्क कापला. खाटीक रडत होता.

ओरड, बाबा. निल्सचे ओठ हलले. त्या अंतरावरून ते डोळस माणसालाही दिसले नसते. स्टँडमध्ये कितीतरी जण डोळे पुसत होते, ओठ चावत होते. मालते कुंपणावर मूठ वर करून दगडासारखा उभा होता. एवढ्या माणसांचं त्याच्यावर एवढं प्रेम होतं, आणि त्यातून एक अक्षर बाहेर येत नव्हतं.

"निल्स!"

तिसरं नाव विरेपर्यंत तो रेषेच्या आत उभा राहिला. मग रेफरीनं घड्याळाकडं बोट केलं, आणि तो बाहेर आला. कोचनं त्याला जॅकेट दिलं. मागून कुणीतरी फुलं दिली.

सामना बरोबरीत सुटला. लोक तसेच, न बोलता, पांगले. निल्स आंघोळ न करताच कुंपणाशी गेला. आंके म्हाताऱ्याच्या दंडाला धरून उभी होती आणि तिनं भावाकडं असं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली. "मी कॉफी आणायला गेले होते," ती म्हणाली. "परत आले तर बाबा भोवतीच्या सगळ्यांशी भांडत होते. तू काही सांगितलं का नाहीस यांना?"

"कोण, निल्स आहे का?" आल्फोन्सनं कुंपणाच्या जाळीतून बोटं बाहेर काढली आणि चाचपत मुलाच्या बाहीला धरलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, वर्षानुवर्षं नव्हता इतका टवटवीत. "मूर्खा! मला आधी सांगायचं नाही? सगळी माणसं तुझ्यासाठी एक होऊन उभी, आणि मी एकटा बेंबीच्या देठापासून ओरडतोय! लाज वाटली रे मला. संपाच्या दिवशी कामावर जाणाऱ्यासारखी."

"चूक झाली, बाबा."

"झाली ती झाली. आंकेनं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. मग मात्र..." त्यानं बाही ओढून निल्सला जवळ घेतलं आणि गुपित सांगावं तसा आवाज उतरवला. "मग मात्र मी दातांत मफलर धरला. उलीनं पहिल्यांदा नाव घेतलं तेव्हा वाटलं, आता सुटतं तोंडातून. दुसऱ्यांदा खोकला आला, तो गिळला. तिसऱ्यांदा तर श्वासच घेतला नाही. तीन वेळा, निल्स! चार हजार माणसं, आणि एकसुद्धा फुटला नाही. मला धरून. तुला तिथं आत ऐकू आलं ना?"

निल्सनं जाळीवरच्या त्या बोटांवर आपला हात ठेवला.

"आलं, बाबा," तो म्हणाला. "सगळं ऐकू आलं."